तात्पर्य नसलेली गोष्ट

माझ्या जिभेला हाड नाही, असं यतीन म्हणतो. नवरा आहे, म्हणणारच. पण गेल्या आठवड्यात लेकीनेही तेच ऐकवलं, तेव्हा लागलं. ईशानी सतरा वर्षांची, माझ्याकडून गाडी शिकतेय. भर रस्त्यात मी किंचाळून स्टिअरिंगला हात घातला, तशी तिने गाडी कडेला घेतली आणि थंडपणे म्हणाली, "आई, वन मोअर टाइम अँड दॅट्स इट. मग मी तुझ्याबरोबर कुठेच येणार नाही."

ते 'कुठेच' गाडीपुरतं नव्हतं. वर्षभर ती माझ्याशी जेमतेम बोलते. गाडी शिकण्याचा तो तास तेवढा उरला होता आमच्यात.

शेजारचे मिस्टर लिन हे चिनी ताओ पंथाचे. कुंपणाशी उभी राहून मी त्यांच्यापाशी रडगाणं गायले, तर म्हाताऱ्याने उपदेशाऐवजी गोष्ट सांगितली. एक माणूस आपलं खेचर रोज दोराने ओढत नदीपलीकडे न्यायचा. रोज ओढाताण, रोज शिव्या. एकदा नदीला पाणी चढलं, पाय घसरला, दोर सुटला. खेचर आपलं आपण पुढे निघालं आणि त्याची शेपटी धरून माणूस पार झाला. संपली गोष्ट.

"मग तात्पर्य काय?" मी विचारलं. आमच्या शाळेत तात्पर्य लिहिल्याशिवाय गोष्टीला मार्क नव्हते.

लिन हसले. "आमच्या गोष्टींना ते नसतं. तात्पर्य मिळालं की माणूस गोष्ट विसरतो आणि होता तसाच राहतो. पोटात राहू दे तिला. काय बदलायचं ते ती बदलेल."

एवढा धीर कुणाला आहे? घरात शिरेपर्यंत मी तात्पर्य काढलंसुद्धा. दोर सोड, म्हणजे तोंड बंद ठेव.

शनिवारी आमच्या पॉइंट कुकहून वेरिबीला जायला ती पहिल्यांदाच फ्रीवेवर निघाली. मी तोंडाला कुलूप लावून, हात मांड्यांखाली दाबून बसले. फ्रीवेला मिळणाऱ्या रॅम्पवर आलो तेव्हा उजवीकडून भला मोठा ट्रक येत होता आणि ईशानी कशीबशी साठवर. पुढे आमची लेन संपत होती. 'दाब, दाब' माझ्या घशाशी आलं. गिळलं. मागच्याने हॉर्न वाजवला. ट्रकची चाकं तिच्या खिडकीशी आली, तिने वेग आणखी कमी केला. तरी मी कुलूप काढलं नाही. स्वतःचं कौतुकही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

"आई," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "तू बोलत का नाहीयेस? चिडलीस?"

मी मान हलवली. तिला माझ्याकडे बघता येत नव्हतं.

"प्लीज, आई. आय ॲम स्केअर्ड. काहीतरी बोल ना."

जळलं मेलं ते तात्पर्य. मी तोंड उघडलं. आरसा बघ, इंडिकेटर दे, दाब, सगळ्या सूचना जिभेवर तयार होत्या. बाहेर आलं ते भलतंच.

"मलाही भीती वाटतेय गं. खूप. तू मोठी होतेयस, त्याचीसुद्धा."

तिने लांब श्वास सोडला. ट्रकला पुढे जाऊ दिलं, आरशात पाहिलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. ट्रकच्या मागोमाग आमची गाडी लेनमध्ये शिरली. काटा शंभरला टेकला.

"बोलत राहा," ती म्हणाली. "फक्त ओरडू नकोस."

मी बोलत राहिले. वेरिबीचा एक्झिट कधी मागे पडला ते दोघींनाही कळलं नाही.