पहिली कटिंग आमच्याकडून

"असं कुठे असतं का, बाबा?"

तिच्या हातात छापखान्यातून नुकतंच आलेलं निळं कार्ड होतं. वर दुकानाचं नाव, खाली बाबांनी हट्टानं छापून घेतलेली ओळ : पहिली कटिंग आमच्याकडून, पुढच्या दहा तुमच्याकडून.

कार्डाची कल्पना खरं तर तिची. समोरच्या गाळ्यात एसी सलून आलं, तिथे मोबाइलवर पॉइंट मिळू लागले आणि बाबांच्या दुकानातलं बाकडं रिकामं दिसू लागलं, तेव्हा तिनंच ती काढली. एका मोठ्या दुकानसाखळीच्या ऑफिसात तिचं कामच ते होतं. गिऱ्हाईक परत कसं येईल, किती खरेदीवर किती पॉइंट द्यायचे आणि ते गुपचूप बाद कधी करायचे. बाबांना तिनं साधं सांगितलं होतं, दहा कटिंगवर अकरावी फुकट. बाबांनी ते उलटं छापून आणलं, एवढंच नाही, तर सकाळपासून वाटायलाही घेतलं.

"फुकटची कटिंग करून माणूस पसार होईल," ती म्हणाली. "बक्षीस नेहमी दोन पावलं पुढे ठेवायचं, म्हणजे माणूस चालत राहतो."

"माणूस की बैल?"

दाराजवळच्या खुर्चीशी गिऱ्हाइकाच्या मानेवर ब्रश फिरवणारे काका फसकन हसले. काका सख्खे नव्हते, पण तिला आठवतं तेव्हापासून ते दाराजवळच्या खुर्चीशी आणि बाबा आतल्या.

"हे बघ," बाबा म्हणाले, "नवा माणूस माझ्या हाती डोकं देतो. आवडलं तर येईल. नाही आवडलं तर माझाच हात वाईट, त्याचे पैसे कशाला घेऊ? आपण द्यायचं आणि वाट बघायची."

त्यांनी आपल्या खुर्चीतल्या माणसासाठी एक कार्ड उचललं, कात्रीनं कडेला बारीकशी खाच मारली आणि त्याच्या खिशात सरकवलं. तिनं कपाळाला हात लावला आणि बसला उशीर होतोय म्हणून निघाली. तिला पोहोचवायला बाबा पायरीपर्यंत आले, तेही काखेत टॉवेल तसाच धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळीला म्हणून उठले, दारापाशीच खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

बातमी सगळ्यांना काकांनी कळवली. कुणाचा फोन आला की ती तो मुकाट्यानं काकांच्या हातात द्यायची. ऑफिसच्या रजेच्या अर्जात तिनं 'घरगुती कारण' असं लिहिलं. रडली भरपूर, पण बाबा गेल्याचं ते वाक्य काही तिच्या तोंडून निघेना. दिवस गेले तसतसं ते जास्तच जड होत गेलं.

महिन्याभरानं समोरच्या सलूनचा मॅनेजर भेटायला आला. माणूस भला होता, आवाज खाली ठेवून बोलला. बाबांचा गाळा त्यांना हवा होता, उत्तर संध्याकाळपर्यंत दिलं तर बरं. तिनं काकांकडे पाहिलं.

"तू हो म्हणून टाक," तो गेल्यावर काका म्हणाले. "मला घेतो म्हणालाय. या वयात तो काळा टी-शर्ट घालायचा, एवढंच. पोट दिसेल त्यात."

तिला हसू आलं आणि लगेच गेलंही. दुकान चालवायचं म्हटलं तर काका हवेत, आणि काकांना गिऱ्हाईक हवं. वाटलेली कार्डं म्हणजे फुकटची कटिंग घेऊन झालेली माणसं. मालकच नाही म्हटल्यावर ती कशाला येतील? धंद्याचं हे गणित तिला पाठ होतं. दोघांनी शटर वर केलं ते सामान आवरायलाच.

आरसे उतरवायच्या आधी ती ते पुसायला लागली, तेवढ्यात पायरीवर कुणीतरी चपला झटकल्या. एक टॅक्सीवाला, मानेवर केसांचं जंगल.

"उघडलंत एकदाचं," तो म्हणाला. "दोनदा येऊन परत गेलो. बायको म्हणते, हे डोकं घेऊन गाडी चालवू नका, लोक बसायला घाबरतील."

खिशातून त्यानं निळं कार्ड काढलं. घामानं मऊ पडलेलं, कडेला एकच खाच.

"माझ्या दहाच्या दहा बाकी आहेत."

"त्या आता कुणी मागणार नाही हो," ती म्हणाली. मग राहवलं नाही, ऑफिसातल्या सवयीनं विचारलं, "समोर का नाही गेलात? तिथे पॉइंट मिळतात."

टॅक्सीवाल्यानं मान खाजवली. "गेलो होतो ना दारापर्यंत. पण इथल्या मालकांनी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, मी वाट बघेन. आता कुणी वाट बघतंय म्हटल्यावर दुसरीकडे कसं बसायचं?" त्यानं आतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "आहेत कुठे ते?"

नेहमीप्रमाणे उत्तर द्यायला काका पुढे झाले. तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. काका वळले, स्वतःची खुर्ची ओलांडून आत गेले आणि आतल्या खुर्चीच्या पाठीचं कापड झटकून नीट लावू लागले.

"माझे बाबा गेले," ती म्हणाली. आवाज वाटला होता तितका फुटला नाही. "दुकान चालू आहे. या, बसा."