उजेडाची पट्टी

"सोफा जिथल्या तिथे राहू दे," आई म्हणाली. आवाज इतका चढला होता की बाबा अर्धा उचललेला सोफा धरून तसेच उभे राहिले.

"अगं, आजच्या संध्याकाळपुरता!"

"संध्याकाळपुरताही नको."

बाबांनी ऐकलं नाही. ते कधीच ऐकत नाहीत. जन्मभर स्टुडिओत दिवे लावले त्यांनी, आणि त्यातही काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांचं भलतंच वेड. हॅटखाली लपलेला चेहरा, सिगारेटचा धूर, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या. रंग आले आणि त्यांची सगळी हौस मारली गेली. शेवटी निवृत्तीच्या तोंडावर एका दिग्दर्शकाला तसला सिनेमा करायची हुक्की आली, आणि वर्षभर बाबा घरी फक्त झोपायला आले. परवा तो सिनेमा पुरा झाला. म्हणून ही पार्टी, आणि म्हणून आमच्या बैठकीच्या खोलीचा सेट.

पाहुणे आले तेव्हा खोलीत जेमतेम उजेड होता आणि बाबांची छाती फुगली होती. आई खुर्चीतून उठलीच नाही. येणाऱ्याला ती आवाजावरून ओळखत होती, पण त्या अंधारात आम्ही सगळेच तसे ओळखत होतो.

"दादा, आता दोन शब्द होऊन जाऊ द्या," बाबांचा सहायक म्हणाला.

"दोनच. भाषण लांबलं की वाइन कोमट होते." बाबांनी ग्लास भरला, आईच्या हातातही एक दिला. "आणि जिच्यासाठी ग्लास उचलायचा, तिच्या डोळ्यांत बघायचं. आमच्या सिनेमात जो बघत नाही ना, तोच खुनी निघतो."

सगळे हसले. बाबांनी दिवा फिरवला, आणि नायिकेला देतात तशी उजेडाची पट्टी थेट आईच्या डोळ्यांवर आणली.

"ही बाई..." म्हणाले आणि थांबले.

आम्हाला वाटलं, गहिवरले. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या पट्टीत भल्याभल्या नट्यांचे डोळे मिटतात, पापणी लवू नये म्हणून मिनतवाऱ्या कराव्या लागतात, हे त्यांनीच आम्हाला हजारदा सांगितलं होतं. आईची पापणी लवली नव्हती.

"दिवा डोळ्यांवर येतोय का गं?"

आई गोड हसली. "कुठला दिवा?"

मी धावत जाऊन खोलीतले सगळे दिवे लावले. आईची मानसुद्धा हलली नाही. दर रविवारी याच घरात मी तिच्या हातचं जेवत होते.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं, आणि ते खिडकीशी जाऊन गज धरून उभे राहिले.

"कमी कमी होत गेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर सिनेमा सोडून घरी बसला असता." मग जरा चिडूनच ती म्हणाली, "आणि सोफा हलवू नका म्हटलं होतं की नाही?"

कुणी हसलं नाही.

"आता पुढचं बोला की. हात दुखायला लागला माझा."

तिने ग्लास उंच धरला होता, बाबा मघाशी उभे होते तिकडे. तिथे आता कुणीच नव्हतं.

बाबा पाय न वाजवता चालत आले, त्या रिकाम्या जागेत उभे राहिले, आणि तिच्या डोळ्यांत बघत त्यांनी तिच्या ग्लासला ग्लास लावला.