नसलेल्या हातावर पाणी

आमच्या घरी भूत चालत नसे. पाहुणे न सांगता आलेले चालत, आमटी खारट झालेली चाले, आईचं तोंड तर दिवसभर चाले, पण भुताचं नाव काढलेलं चालत नसे. भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या होत्या. त्यांना तेविसावी आबांनी आपल्या पदरची जोडली होती: भूत न्हाय.

आबा म्हणजे माझे वडील, गणपती कांबळे. नावात देव आणि देवाशी उभा दावा, असं आई त्यांना चिडवायची. हातकणंगल्याजवळ आमची वस्ती. आबा रोज सायकलनं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डरच्या कामाला जात, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या देवर्षांची फजिती करायला. कुणाच्या अंगात आलं, कुठं लिंबू फिरलं, की हे हजर. "ज्यानं भूत बघितलंय त्यानं माझ्याम्होरं आणून हुबं करावं. हितंच मिशी उतरवतो," असं भर चौकात म्हणायचे आणि मिशीला पीळ भरायचे. आजवर कुणी भूत आणलं नव्हतं, त्यामुळं मिशी शाबूत होती.

शहाण्णव साली वाळू मिसळायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात गेला. कोपराखाली वीतभर उरला, बाकी दवाखान्यात कापला. कारखान्यानं त्यांना रात्रपाळीला गेटवर बसवलं. आबा डाव्या हातानं जेवायला शिकले, सही करायला शिकले आणि पौर्णिमेला विहारात पूर्वीसारखंच भाषण ठोकू लागले. वस्तीतली माणसं म्हणायची, गणपतीचा हात गेला पर ताठा न्हाय गेला.

एकच गोष्ट बदलली होती. मिशीला पीळ भरणं त्यांनी सोडलं. उजवा हात राहिला नाही म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो. मग डाव्याला काय झालं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. न्हाव्यालाही ते मिशीला कात्री लावू देईनात. मिशी वाढून ओठावर आली, आबा वाळत गेले. ताटावरून मध्येच उठायचे. मी काही विचारलं तर खेकसायचे, मग मीही खेकसायचे, कारण खाण तशी माती. अशी आठ-नऊ वर्षं गेली.

मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. एकदा कॉलेज लवकर सुटलं आणि मी भर दुपारी घरी आले. दाराला आतून कडी. म्हणून वळसा घालून परड्यात गेले.

आबा धुण्याच्या दगडावर बसले होते. डोळे मिटलेले, उजवी बाही वर दुमडलेली. आई शेजारी उकिडवी बसून तांब्यानं पाणी ओतत होती. पण हातावर नाही. हात जिथं संपला होता त्याच्या खाली वीतभर, मोकळ्या हवेत. पाणी सरळ दगडावर पडत होतं.

"बोटं सुटली का?" आईनं विचारलं.

"तीन सुटली. करंगळी आजून आत रुतल्याली हाय. सावकाश वत."

आईनं तांब्या जरा डावीकडं नेला, जिथं करंगळी असायला हवी होती तिथं.

ऊन डोक्यावर होतं, शेजारी कुणीतरी मिरच्या कांडत होतं, आणि माझे आईबाप तिथं नसलेल्या गोष्टीची बोटं सोडवत बसले होते. मी भ्याले. आणि मी भ्याले की मला राग येतो.

"हा कुठल्या देवर्षाचा उतारा म्हणायचा?" मी ओरडले. "विहारात भाषणं आणि परड्यात हे?"

आईच्या हातातला तांब्या निसटला. आबा उठले. बाही खाली ओढली. "मीने, हिला काय बी सांगू नगंस," एवढं बोलून चपला न घालताच बाहेर गेले.

मीनाबाई कांबळे काही सांगू नये असं सांगितल्यावर गप्प बसणारी बाई नव्हती. इतकी वर्षं बसली होती, हेच मोठं आश्चर्य.

"दुखतोय त्यांचा हात," ती म्हणाली.

"कुठला?"

"गेल्याला."

दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हापासून दुखत होता. मूठ आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली, आणि सगळा हात तापलेल्या लोखंडात धरल्यासारखा भाजत असायचा. त्यांनी फक्त आईला सांगितलं होतं, तेही 'मूठ सोडव' म्हणून. काय करावं हे तिला कळेना, म्हणून तिनं पाणी ओतलं. डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकला, की थोडं निवायचं.

"आगं, पर दवाखान्यात का नाही सांगितलं?"

"कुठल्या तोंडानं सांगतील? आख्ख्या तालुक्याला सांगत फिरलं, जे न्हाय ते न्हाय म्हणून. आता म्हणायचं, जे न्हाय ते दुखतंय? मिशी उतरवतील की लोक." तिनं पदर डोळ्याला लावला. "आणि आता खांद्यापासनं कापून घेतो म्हणत्यात. उरलाय त्यो थोटा दगडावर घासून घासून जखम केल्या त्यांनी, डॉक्टरला कापायचं निमित्त दावायला. तू आवर त्यास्नी, दीप्ती. माझं ऐकंनात."

माझा राग कुठल्या कुठं गेला. नुसती भीती उरली.

मी आमच्या प्राणिशास्त्राच्या बाईंना विचारलं. त्या हसल्या नाहीत. कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांचा पत्ता त्यांनी दिला. दुखण्यावरच उपचार करणाऱ्या डॉक्टर. आबांना मी सांगितलं, कापायचंच असेल तर आधी यांना दाखवा. "येतो," ते म्हणाले, "पर बोलणार न्हाय."

डॉक्टर अक्षता वयानं माझ्याहून आठ-दहा वर्षांनीच मोठ्या असतील. मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी हाताबद्दल अवाक्षरही काढलं नाही. आबांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा घेतला.

"काका, कुठं लागतंय?"

"कपाळाला."

"आता?"

"हनुवटीला."

मग त्यांनी मिशी हलकेच बाजूला करून वरच्या ओठाला बोळा टेकवला. रिकामी बाही थरथरू लागली.

"काका?"

"अंगठ्याला," आबा म्हणाले. "उजव्या अंगठ्याला." आणि ते रडायला लागले. माझ्या बापाला मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं, आणि मला ते सहन झालं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. तुटलेल्या नसेला टोकाशी गाठ धरते आणि ती विनाकारण निरोप पाठवत बसते. पाठीच्या कण्यातली मज्जा ते निरोप ऐकून ऐकून इतकी तिखट होते, की कुजबुजसुद्धा तिला किंकाळीसारखी ऐकू येते. आणि मेंदूत हाताची जागा तशीच असते, चेहऱ्याच्या जागेला लागून. मालक नसलेल्या रानात शेजारी बांध रेटतो, तसा चेहरा त्या जागेत सरकतो. म्हणून मिशीला बोट लागलं की हात पेटतो.

"वर कापलं तर गाठ वर होईल. हात आहे तसाच दुखत राहील. कापायचं नाही."

"म्हंजे भूत न्हाय?" आबांनी विचारलं.

"नाही, काका. नसा आहेत."

"मग मी एवढी वरसं कुणाला भीत हुतो?"

डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. मुळात फिट येणाऱ्यांसाठी काढलेलं औषध, म्हणाल्या, पण पिसाळलेल्या नसेला निरोप पाठवताना आवर घालतं. गुंगी येईल, डोस हळूहळू वाढवू, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आणखीही औषधं येताहेत, परदेशात तर समुद्रातल्या एका गोगलगाईच्या विषापासून नवीन औषध निघालंय.

"गोगलगाय न् पोटात पाय ऐकलंतं," आबा नाक पुसत म्हणाले, "पोटात औषध पयल्यांदाच ऐकतोय." कितीतरी दिवसांनी ते काहीतरी गमतीचं बोलले होते.

पहिले दिवस आबा नुसते झोपून असत. मग भाजणं मंदावलं. आणि गेलेला हात आखडत चालला. म्हणजे, तो आखूड होऊ लागला. "आज मनगट न्हाय," आबा दुपारी परड्यात सांगायचे. "पंजा वर सरकलाय, थोट्याजवळ आलाय." आई तांब्या तेवढा वर घ्यायची. रोज थोडा वर. ही नसांची करामत आहे हे मला ठाऊक होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी मी ते बघायला थांबत नसे. कुणीतरी हळूहळू घर सोडून चाललंय आणि आई त्याला वाटेत पाणी देतेय असं वाटायचं.

बुद्धपौर्णिमेला आबा विहारात उभे राहिले. सगळी वस्ती होती. त्यांनी सगळं सांगितलं: मूठ, पाणी, जखम, कापूस.

मागून आकाराम न्हावी ओरडला, "पर गणपतदा, डॉक्टरीण म्हणाली की भूत न्हाय! मग मिशी वाचली की!"

"न्हाय वाचली," आबा म्हणाले. "भूत न्हाय, पर भुताला भिऊन माणूस गप बसतो तसा मी गप बसलो. लोक काय म्हणतील म्हणून बायकूला परड्यात कोंडून पाणी वतायला लावलं. आन् तुमास्नी हितं शानपन शिकवत हुतो. मानलंच की मग भूत. आण वस्तरा."

आकारामनं तिथंच अंगणात खुर्ची मांडली. वस्तरा ओठावर टेकला तेव्हा सगळे आबांच्या तोंडाकडं बघत होते. मी आणि आई बाहीकडं बघत होतो. बाही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई सवयीनं तांब्या भरून आली. आबा सवयीनं दगडावर बसले. मिशीवाचून त्यांचा चेहरा ओळखीचा वाटत नव्हता. आईनं थोट्याच्या अगदी टोकाशी धार धरली.

"लागतंय का?"

आबांनी डोळे मिटले. कुणाची तरी वाट बघितल्यासारखे.

"न्हाय, मीने. गेला."

आई तांब्या खाली ठेवून रडायला लागली. हात कापला तेव्हा ती रडली नव्हती, तेव्हा तिला सवडच नव्हती. ते रडणं आता आलं. मलाही आवरलं नाही. ज्याला आम्ही इतके भ्यालो, तो गेल्याचं दुःख व्हावं, याचं मला अजून नवल वाटतं.

"मग आता दुपारचं मी काय करू?" आई म्हणाली.

आबांनी डावा हात पुढं केला.

"ह्याच्यावर वत."