साहेब, तिला सांगा

त्या घरात प्रेमानं 'अहो' म्हणवून घेण्याचा मान एकट्या बोक्याला होता. त्याचं नाव साहेब. हे नाव टेलरबाईच्या नवऱ्यानं ठेवलं होतं. ऑफिसात जन्मभर नको त्या माणसांना साहेब म्हणावं लागलं, तेव्हा घरी निदान आपल्या पसंतीचा एक असावा, असं तो म्हणायचा. पुढे तो गेला आणि मागे तिघं उरली: बायको, थोरली बहीण आणि साहेब. पैकी दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद होतं, आणि साहेब कुणाचंच ऐकत नव्हता.

पण एका छपराखाली राहून पूर्ण अबोला धरणं कुणाला परवडतं? स्वयंपाकघर एक, नळ एक, आणि घराच्या कागदावर दोघींचीही नावं, त्यामुळे कुणी कुणाला बाहेर काढू शकत नव्हतं. मग जे बोलायचं ते साहेबामार्फत.

"साहेब, तिला सांगा," वन्सं आतल्या दारातून म्हणायच्या, "मशीनच्या तेलाची बाटली ओट्यावर ठेवत नाहीत. तिथे आपण अन्न शिजवतो."

"साहेब, वन्संना सांगा," बाहेरच्या खोलीतून मशीन न थांबवता उत्तर यायचं, "फडकं खिळ्याला लावलंय. पुसलं की डाग जातो. हात मात्र हलवावा लागतो."

वन्सं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. चुकीला क्षमा नाही, हा त्यांचा बाणा फळ्यापुरता नव्हता. टेलरबाई बाहेरच्या खोलीत कपडे दुरुस्त करायची: पँटच्या चेन बदल, कॉलर उलटव, वाढलेल्या पोटांसाठी कोट सैल कर. दिवसभर लोकांची उसवलेली शिवण ती गोड बोलून जुळवून द्यायची, आणि आत गेली की तिचं तोंड शिवलं जायचं. अलीकडे साहेब ठार बहिरा झाला होता, पण निरोपांच्या कामात त्यानं काही अडत नव्हतं.

या वैराचं मूळ दवाखान्यातल्या एका सकाळी होतं. नवरा गेला त्या सकाळी टेलरबाईनं वन्संना बोलावलं नाही. त्या डबा घेऊन नेहमीच्या वेळेला पोचल्या, तेव्हा खाटेवर नवी चादर घालून झाली होती. चार माणसांत त्या म्हणाल्या, "माझ्या भावाचं शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही हिनं मला." टेलरबाई गप्प राहिली. तिच्याजवळ उत्तर नव्हतं असं नाही. त्या सकाळी नवऱ्यानं तिचं मनगट धरून सांगितलं होतं, "ताईला बोलावू नकोस. ती रडेल, आणि मलाच तिची समजूत घालत बसावं लागेल. आज तेवढा जीव नाही माझ्यात." हे वाक्य टेलरबाईनं कुणाला सांगितलं नाही. चांगली कात्री वेगळ्या खणात ठेवावी तसं ते तिनं वेगळं ठेवलं होतं. वन्संची जीभ फार चालली की ती मनातल्या मनात ते काढायची, धार बघायची आणि परत ठेवून द्यायची. एक दिवस वापरायचं, एवढं नक्की होतं.

साहेबाचं म्हातारपण मुळीच गोड नव्हतं. वाडगाभर पाणी पिऊन तो ट्रे सोडून कुठेही मुतायचा, आणि त्यातही गिऱ्हाइकाची इस्त्री केलेली पँट दिसली की त्याला विशेष घाई लागायची. अंग चाटायचं त्यानं सोडून दिलं होतं. पाठीवर केसांच्या जटा, हात फिरवला तर मणका लागायचा, आणि हात फिरवलेला त्याला खपायचा नाही. दोघींच्याही मनगटांवर त्याचे ओरखडे होते. त्या एका बाबतीत त्यानं कधी पक्षपात केला नाही.

डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं की मूत्रपिंडं गेलीत, रक्तदाब चढलाय, बरा होणार नाही, फक्त सांभाळायचा. रोज सकाळी रक्तदाबाची चतकोर गोळी. ती जी आधी उठेल तिनं द्यायची आणि दुसरीला कळवायचं, असं आपोआप ठरलं. कळवायचं म्हणजे अर्थात साहेबाला.

एका सकाळी गणवेशांची ऑर्डर होती म्हणून टेलरबाई लवकर उठली. तिनं गोळी दिली, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून चांगलं खणखणीत म्हणाली, "साहेब, वन्संना सांगा, गोळी झाली." वन्सं तेव्हा न्हाणीघरात होत्या आणि नळ पूर्ण सोडलेला होता. त्या बाहेर आल्या तर साहेब रिकाम्या ताटलीपाशी रुसून बसलेला, आणि कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांनी माशाच्या तुकड्यात घालून गोळी दिली. थोड्या वेळानं साहेब पाण्याकडे निघाला आणि त्याचे मागचे पाय गेले. हनुवटी वाडग्यात बुडवून तो तसाच पडून राहिला.

दवाखान्यात जाताना टोपली दोघींच्या मध्ये होती आणि दोघींनीही एकेक कडी धरली होती. डॉक्टरांनी साहेबाला टेबलावर गरम कपड्यात गुंडाळलं, सुई लावली आणि मग विचारलं, "सकाळची गोळी कुणी दिली?"

"मी," दोघीही एकदम म्हणाल्या.

डॉक्टरांनी सुईवरची पट्टी दाबली. "एकमेकींना सांगितलं नाहीत?"

"मी सांगितलं होतं," टेलरबाई म्हणाली.

"कुणाला?"

टेलरबाईनं टेबलाकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं.

"तो बहिरा आहे," डॉक्टर म्हणाले.

"आम्हाला माहीत आहे," वन्सं म्हणाल्या.

"तुमच्या घरात काय चालतं ते मला ऐकायचं नाही. संध्याकाळपर्यंत हा सावरेल. पण आता याला दिवसाआड कातडीखाली सलाइन द्यावं लागणार, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक धरणारं, एक टोचणारं. त्या दोघांना तोंडं असावी लागतात. नसतील तर इथे ठेवून जा, मागे पिंजरा रिकामा आहे."

"साहेब पिंजऱ्यात राहायचे नाहीत," वन्सं म्हणाल्या.

"नाहीच राहायचे," टेलरबाई म्हणाली, आणि आपण वन्संच्या वाक्याला पुस्ती जोडली हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

सलाइनची बाटली बाहेरच्या खोलीत, तयार कोट टांगायच्या दांडीला अडकवली. टोचायचं टेलरबाईनं, कारण सुई तिची. पण कापडाला लागलं म्हणून कापड बघत नाही, आणि साहेब बघत होता. तिनं सुई मागे घेतली.

"धरा," ती म्हणाली. इतक्या वर्षांनंतर तोंडावर उच्चारलेला तो पहिला शब्द.

"धरलंय."

"नीट धरा."

"तू नीट टोच."

असा अबोला सुटला, आणि घर होतं त्याहून बिघडलं. साहेबामार्फत बोलताना शब्दांना थोडी इस्त्री करावी लागायची, शिवाय म्हाताऱ्या जनावराच्या देखत फार वाईट बोलवत नसे. आता मधे कुणी नव्हतं. तेलाची बाटली, नळ, फडकं, सगळे जुने खटले थेट सुरू झाले. बाटलीतलं पाणी थेंबथेंब उतरायचं, साहेबाच्या खांद्यावर फुगा यायचा, आणि त्याच्या डोक्यावरून दोघी एकमेकींचा उद्धार करायच्या.

एकदा सुई सरकली आणि सलाइन साहेबाच्या अंगावरून खाली सांडलं. वन्सं दात खाऊन म्हणाल्या, "तुझ्या हातात जीव दिला की काय होतं ते मी एकदा पाहिलंय."

टेलरबाईच्या ओठांवर ते वाक्य आलं. अगदी पूर्ण आलं, 'ताईला'पासून सुरू होणारं. तेवढ्यात साहेबानं वन्संचा अंगठा कचकन चावला. रक्त आलं, त्याच्या जटांवर पडलं. वन्संनी हात सोडला नाही. चेहरा पांढरा पडला, पण त्यांनी साहेबाला तसंच धरून ठेवलं. "बघत काय बसलीस?" त्या म्हणाल्या. "परत टोच. बाटली संपू दे."

टेलरबाईनं परत टोचलं आणि बाटली संपवली. नंतर तिनं पट्टी आणून टेबलावर आपटली. आज नको, तिनं ठरवलं, चावलेला अंगठा घेऊन बसलेल्या माणसावर कसला वार करायचा.

मग साहेबानं खाणं सोडलं, पुढे पाणीही सोडलं. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. त्रास होतोय असं दिसत नाही, म्हणाले, तसं वाटलं तर मी येऊन झोपवतो, नाहीतर त्याला त्याच्या जागी असू द्या. साहेबानं आपली जागा निवडली ती मशीनखाली, कातरलेल्या चिंध्यांच्या ढिगात. दुपारी टेलरबाई अस्तर शिवत होती, तेव्हा पायाशी त्याचा श्वास बदलला. मधे लांब थांबायचा, मग घाईनं दोन. असा श्वास तिनं आधी एकदा ऐकला होता. तिनं मशीन थांबवलं.

वन्सं आत झोपल्या होत्या. झोपू देत, तिच्या मनात आलं. काम चाललं होतं, कळलंच नाही, असं म्हणता येईल. ज्या गुन्ह्यासाठी इतकी वर्षं बोलणी खाल्ली तो निदान एकदा करून तरी बघावा. हा विचार तिला फार आवडला. पुन्हा श्वास थांबला, आणि तिच्या तोंडून हाक गेली.

"वन्सं, या. लवकर या."

त्या अनवाणी आल्या, चष्म्याशिवाय. गुडघे नाही म्हणत असताना जमिनीवर बसल्या आणि साहेबाच्या पाठीवर हात ठेवला. साहेबानं दोघींवर फिस्कारण्यासाठी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. थोड्या वेळानं श्वासही थांबला. दोघी रडल्या. एकमेकींकडे न बघता रडल्या.

बऱ्याच वेळानं वन्सं म्हणाल्या, "आज हाक मारलीस."

"हो."

"तेव्हा का नाही मारलीस?"

त्यांनी हे साहेबाला विचारलं नव्हतं. सरळ तिच्याकडे बघून विचारलं होतं, आणि असं विचारलेलं हे पहिल्यांदाच. टेलरबाईचं उत्तर तयार होतं. याच प्रश्नाची ती वाट बघत होती. समोर बिनचष्म्याचे बारीक डोळे, अंगठ्यावर मळलेली पट्टी, आणि तो हात अजून त्या पाठीवरून फिरत होता, साहेब जिवंत असताना त्यानं कधी फिरवू दिला नाही तसा.

"सुचलं नाही," टेलरबाई म्हणाली. "घाबरले होते."

वन्संनी डोळे मिटले. खांदे खाली आले. "एवढंच ना," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मला भलतंच काहीतरी वाटायचं." मग डोळे उघडून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मी त्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. ही मुलगी ऐनवेळी गळपटणारी आहे म्हणून."

टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलून झालं होतं, आणि आता ते परत घेता येणार नव्हतं. तिनं उठून साहेबाला गुंडाळायला फडताळातून कापड ओढलं.

"ते नको, टोचेल त्याला. मऊ काढ."

"कळतं मला. तुम्ही आधी उठून दाखवा."

वन्संना उठता येईना. टेलरबाईनं हात पुढे केला. वन्संनी तो धरला, कशाबशा उभ्या राहिल्या, आणि हात किती खरखरीत झालेत ते तिला तोंडावर सांगितलं.