चमचा उचलणारा राक्षस

ऑर्व्हिल टीसडेलने खुर्चीच्या हातांवर भार देत स्वतःला हळूहळू खाली सोडलं आणि तोंडातून निघालेलं कण्हणं खोकल्यात लपवलं. आदल्या दिवशीचं चित्रीकरण दाखवणार होते. पुढच्या रांगेत निर्माते लँगडनसाहेब सिगार चावत बसले होते. पाठीचं यांना कळलं की राक्षसाचं काम गेलंच, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

पाठ पहिल्याच चित्रपटात गेली होती. शिसं ओतलेले बूट आणि लोखंडी पट्ट्यांचा अंगरखा घालून त्याने अख्खा उन्हाळा काढला होता. शेवटी राक्षस चुनभट्टीत जळून मेला, पण चित्रपट असा काही चालला की स्टुडिओने त्याला दुसऱ्या भागासाठी जिवंत केलं. मेलेल्याला उठवणं हॉलिवूडला काही जड नव्हतं. ऑर्व्हिललाच उठणं जड होत चाललं होतं.

रंगभूषेच्या खोलीतून रोज दोन राक्षस बाहेर पडत. एक ऑर्व्हिल, दुसरा क्लेम हॅस्किन्स. जिन्यावरून गडगडणं, आगीतून धावणं ही कामं क्लेमची. रबर आणि रंगाखाली दोघं इतके सारखे दिसत की कँटीनवाली दोघांनाही ‘राक्षसदादा’ म्हणून नळीने दूध पाजायची. त्यात राक्षस मुका. त्यामुळे काल सकाळी वाकून वाकून ऑर्व्हिलची पाठ धरली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत दोघांनी गुपचूप जागा बदलल्या. दुपारी सेटवर गेला तो क्लेम. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवे मालवले. प्रसंग साधाच होता. राक्षस एका रिकाम्या घरात शिरतो, जेवणासाठी मांडलेलं टेबल बघतो, त्याच्या धक्क्याने एक चमचा पडतो आणि तो उचलून जागेवर ठेवतो. दृश्याचा क्रमांक आणि वेळ लिहिलेली पाटी पडद्यावर दिसण्याआधीच ऑर्व्हिलने डोळे मिटून घेतले. सकाळची आपली फजिती त्याला बघवणार नव्हती. पण खोलीत कुणी हलेना, बोलेना, तेव्हा दुपारचं, क्लेमचं सुरू झालं असणार असं वाटून त्याने डोळे उघडले.

राक्षस गुडघ्यावर होता. उठता उठता तो अर्ध्यातच थांबला. त्याचा हात टेबलाची कड चाचपत राहिला, मान खाली गेली. कितीतरी वेळाने तो उभा राहिला आणि त्याने तो चमचा बशीशेजारी नीट सरळ करून ठेवला.

दिवे लागले. लँगडनसाहेबांची सिगार विझली होती.

"टीसडेल, असल्या सिनेमांत माझे केस पिकले. पण राक्षसाची दया आली ती आज. पोस्टरवर तुमचं नाव मोठ्या अक्षरांत टाकतो. तिसऱ्या भागाचंही बोलून घेऊ. जरा माझ्या खोलीत या."

काय काम केलं होतं क्लेमने! आपण गावोगाव फिरून रंगमंचावर राजे केले, पण असं अर्ध्यात थांबणं आपल्याला सुचलं नाही. त्याला हेवा वाटला आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली. साहेब उद्या म्हणाले, पुन्हा असंच करून दाखवा, तर? आणि नाही म्हणाले तरी, वर्षानुवर्षं बिननावाने पडत आलेल्या माणसाचं काम आपल्या नावावर खपवायचं? तो साहेबांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेला.

"साहेब, तो मी नव्हतो."

"कोण नव्हता?"

"चमचावाला. तो क्लेम होता. माझी पाठ गेलीय, मला वाकताच येत नाही."

साहेबांनी विझलेली सिगार टेबलावर ठेवली.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "घरी जा, पाठ शेका. सोमवारपासून राक्षस क्लेम करील."

बाहेर आल्यावर त्याला चक्क हलकं वाटलं. रंगभूषेच्या खोलीत तो आपली मलमाची डबी पिशवीत टाकत होता, एवढ्यात क्लेम धापा टाकत आला.

"ऑर्व्ही, साहेबांना काय सांगून बसलास तू?"

"खरं तेच. लाजतोस कशाला? काम तुझं, नाव तुझं."

"माझं कुठलं रे! मी एका झटक्यात उठलो. दिग्दर्शक खेकसला, पडलेली टोपी उचलतोयस का म्हणून. माझं सगळं बाद केलं त्याने. सकाळचंच ठेवा म्हणाला. पडद्यावर तू होतास, बाबा. पाटी नाही बघितलीस?"

"डोळे मिटले होते," ऑर्व्हिल म्हणाला आणि स्टुलावर बसला. त्याला हसावं की रडावं कळेना.

"मी जातो, साहेबांना सांगतो."

"काय सांगशील? माझी पाठ बरी आहे म्हणून?"

क्लेम दारापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. मग त्याने दार आतून लावून घेतलं.

"सोमवारी तोच प्रसंग कॅमेरा जवळ आणून पुन्हा घ्यायचाय," तो नजर न उचलता म्हणाला. "मला नाही जमलं तर माझंही गेलं. ऑर्व्ही, तू मधेच थांबलास ना... ते कसं केलंस?"

ऑर्व्हिलने आरशासमोरचा कंगवा जमिनीवर टाकला. टेबलाची कड धरून तो वाकू लागला.