डाव्या बाजूचं वजन

कारखान्यात त्यांना सगळे 'नापास' म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर 'साहेब'. तयार माल तपासायचं काम होतं त्यांचं, आणि केसभर फरक दिसला की माल परत. निवृत्त झाल्यावर परत पाठवायला माल उरला नाही, तेव्हा त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. दारांच्या बिजागऱ्या नापास झाल्या, भिंतीवरचं घड्याळ नापास झालं, बायकोने घातलेल्या चादरीच्या घड्या काठावर पास झाल्या. शेवटी तीच म्हणाली, "गाडीमागे जोडून न्यायचं ते फिरतं घर असतं ना, तसला ट्रेलर घ्या एखादा. तुमचा वेळ जाईल, समुद्र तरी बघून येऊ." पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःच्याच जिभेचा राग येत होता.

अर्थात, तिचा हेतू काही निव्वळ परोपकाराचा नव्हता. समुद्राच्या वाटेवर तिच्या थोरल्या बहिणीचं गाव होतं. आई गेली तेव्हा आईचं शिलाई मशीन हिने परस्पर उचलून आणलं होतं, आणि ताईने चार माणसांत हिला चोर म्हटलं होतं. तेव्हापासून अबोला. आता या वयात हिनेच पडतं घेऊन फोन केला. "मशीन घेऊन येते तुझ्याकडे," म्हणाली.

ताई म्हणाली, "आणशील तेव्हा खरं. नुसत्याच बाता मारायच्या असतील तर पुन्हा फोन करू नकोस."

मशीन पायाने चालवायचं, बिडाच्या जड स्टँडसकट. तिने नवऱ्यापुढे खडा टाकून पाहिला.

"जाताना आईचं मशीन न्यायचं का हो?"

"ते बिडाचं धूड? त्यापेक्षा तुझी ताई परवडली!"

मशीनबद्दल याहून वाईट बोलणं त्यांना शक्यच नव्हतं, म्हणजे विषय मिटला. ट्रेलरमध्ये जाणारा चमचासुद्धा ते ताणकाट्याला लटकवून मगच आत सोडत होते. तेव्हा एका दुपारी ते टायर बघायला गेल्यावर तिने शेजारणीला हाक मारली. दोघींनी मिळून स्टँड सुटं केलं, धापा टाकत सगळं ट्रेलरमध्ये चढवलं, डाव्या पलंगाखालच्या पेटीत घातलं आणि वर रजया रचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी ट्रेलरच्या फरशीवर लेव्हलची नळी ठेवली. आतला बुडबुडा उजवीकडे, म्हणजे उंच बाजूकडे, सरकला.

"डावी बाजू बसली," ते म्हणाले. "बोटभर. पाटे गेले स्प्रिंगचे."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र नोकरी सुटल्यापासून न दिसलेलं तेज आलं होतं. खरं सांगावं तर मशीन बाहेर. आणि नाही सांगितलं तर फार तर काय, दोन पाटे बदलतील. ती मूग गिळून बसली.

आपण कुणाशी लग्न केलंय हे ती त्या घटकेला विसरली, एवढंच. पाटे बदलून थांबेल तो माणूस कसला! ते रात्रभर विचार करून उठले आणि म्हणाले, "मुळात एका अ‍ॅक्सलवर एवढा भार टाकणं हाच अन्याय आहे. मागे दुसरा अ‍ॅक्सल बसवायचा. चार चाकं, भार वाटून."

मग वेल्डर आला, ठिणग्या उडाल्या, अंगणात लोखंडाचा वास भरून राहिला. दुसरा अ‍ॅक्सल बसला. पण बसवणं हे सोपं काम, खरी गंमत पुढे होती. पुढच्या हुकाच्या मधोमध ओळंबा सोडायचा, तिथून अ‍ॅक्सलच्या उजव्या टोकापर्यंत तार ताणायची, मग डाव्या टोकापर्यंत. दोन्ही अंतरं सारखी आली तर अ‍ॅक्सल सरळ, नाहीतर ट्रेलर खेकड्यासारखा चालणार आणि टायर झिजणार. वेल्डरच्या मते अंतरं सारखी होती. साहेबांच्या मते नव्हती.

"काकू, साहेबांना सांगा ना," वेल्डर काकुळतीला आला. "ट्रेलर आहे हा, घड्याळ नाही."

"घड्याळही नापास झालंय रे बाबा," ती म्हणाली.

एवढं करून बुडबुडा उजवीकडेच. दोन अ‍ॅक्सल, चार चाकं, तारेने तपासलेली अलाइनमेंट, आणि तरी डावी बाजू खालीच! साहेबांची झोप उडाली. त्यांनी भांडी उजवीकडच्या कपाटात हलवली, पाण्याची टाकी हलवली. डाव्या पेटीला मात्र हात लावला नाही. तिच्यात रजया होत्या, रजयांचं वजन त्यांना तोंडपाठ होतं, आणि स्वतः तोललेली वस्तू पुन्हा उघडून पाहण्याचा अपमान ते स्वतःचा करून घेणार नव्हते.

इकडे ताई आधी "कधी येतेस?" विचारायची, मग तेही बंद झालं. "अ‍ॅक्सल बसवतायत गं," हिने सांगितलं तर "कळलं हो कळलं" म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी ती मोरीचं दार लावून रडली. ज्याच्यासाठी जायचं, त्याच मशीनने वाट अडवली होती, आणि ते तिथे तिनेच ठेवलं होतं.

अखेर साहेबांनी डावीकडे एक जादा पाटा चढवला. बुडबुडा डुगडुगला आणि मधोमध थांबला.

"पास," ते म्हणाले. संसारात हा शब्द, 'काठावर' न जोडता, तिने पहिल्यांदाच ऐकला.

ते ताईच्या गावी पोचले तेव्हा ताई फाटकात हाताची घडी घालून उभी होती. साहेब टायर किती तापले हे चाचपत असताना दोघी बहिणींनी मशीन उतरवलं आणि घरात नेलं. ताईने चाक फिरवून पाहिलं. "तेलपाणी ठेवलंयस की," म्हणाली आणि डोळे पुसले.

"ताई, पण तुला शिवता कुठे येतं?"

"नाही येत. आईचं आहे ना पण!"

एवढ्यात बाहेरून हाक आली. हाक कसली, किंकाळीच. साहेब ट्रेलरच्या फरशीवर गुडघे टेकून बसले होते. बुडबुडा डावीकडे पळाला होता.

"उजवी बसली," ते म्हणाले. मग त्यांची नजर उघड्या पेटीकडे गेली, पेटीवरून बायकोकडे.

"मीच ठेवलं होतं," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"म्हणजे स्प्रिंग चांगल्या होत्या."

"होत्या."

"दुसरा अ‍ॅक्सल..."

"लागत नव्हता."

ते पुन्हा बुडबुड्याकडे बघू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. इतक्यात ताई वर चढली. "बघू तरी, काय महाल उभारलाय," असं म्हणत ती डाव्या पलंगावर ऐसपैस बसली.

बुडबुडा हलला. हळूहळू सरकत मधोमध येऊन थांबला.

"ताई," साहेब अतिशय अदबीने म्हणाले, "उठू नका."

"का? काय झालं?"

"आमच्याबरोबर समुद्रावर चला. तुम्ही पुढे गाडीत बसा, सामान इथे या पेटीत ठेवू."

ताईने बहिणीकडे पाहिलं. "हे मला बोलावतायत?"

"हो गं. चल ना," ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "नाहीतर हे पुन्हा वेल्डर बोलावतील."

ताईने थोडा वेळ आढेवेढे घेतले, ते घ्यायचेच असतात. मग विचारलं, "सामान किती घेऊ?"

साहेबांनी बुडबुड्यावरची नजर काढली नाही.

"मशीनएवढं," ते म्हणाले.