घरगुती स्रोत

हवा मोजायचं सरकारी यंत्र बाईंच्या गॅलरीत बसलं, कारण गल्लीत तेवढ्याच एका गॅलरीवरून घरात भांडण नव्हतं. बाई एकट्या. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सरकारला तिसऱ्या मजल्याची उंची मिळाली आणि बाईंना बुधवार मिळाला.

दर बुधवारी यंत्राची गाळणी बदलायला एक गृहस्थ येत. विधुर, निवृत्तीला टेकलेले, मोजकं बोलणारे. बाई त्यांना 'यंत्रवाले' म्हणत. पहिल्या खेपेला चहा झाला. नुसता चहा बरा दिसत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेला कढई चढली. पुढे बुधवार म्हणजे तळण, हे ठरूनच गेलं. दार वाजायच्या आत ताटली गरमागरम हवी, म्हणून बाई खिडकी उघडी टाकून घाण्यावर घाणा काढीत. खिडकीबाहेर हातभर अंतरावर सरकार श्वास घेत होतं.

वर्षभरात शहराला शोध लागला, की बुधवारी हवा विषारी असते. वर्तमानपत्रांनी लाल आलेख छापले. विरोधी पक्ष म्हणाला, नाल्यापलीकडचा कारखाना बुधवारी जादा भट्ट्या पेटवतो आणि मालक मंत्र्यांचा साडू आहे. मंत्री म्हणाले, साडू वेगळा, धूर वेगळा. लोकांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला. बुधवारी लग्नं धरेनात, नवी गाडी घरी आणेनात. शेवटी मंत्र्यांनी विज्ञानाचा मान राखला आणि कारखाना बुधवारपुरता बंद केला.

"बाई, आमच्या ह्यांची बुधवारची हजेरी बुडते हो," तळमजल्यावरची शेजारीण वर येऊन म्हणाली. "भट्टी थंड, तरी हवा तशीच! हवेचं काय घोडं मारलंय आम्ही?"

बाईंच्या हातात झारा होता. त्यांनी झाऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग खिडकीपलीकडच्या यंत्राकडे. जगभरच्या वाऱ्यांच्या दिशा मुलांकडून घोकून घेतलेल्या बाईंना स्वतःच्या कढईची दिशा तेव्हा कळली.

पुढच्या बुधवारी शेगडी थंड होती. यंत्रवाले दारातच थबकले. "तब्येत बरी आहे ना?"

"मला काही सांगायचंय. तो धूर..."

"तुमचा आहे," ते गाळणी काढता काढता म्हणाले. "पहिल्याच महिन्यात कळलं. मी यायच्या जरा आधी आलेख डोंगर चढतो."

"मग बोलला का नाहीत, अहो? लोकांची हजेरी बुडतेय तिकडे!"

"गोष्ट इतकी वाढेल असं वाटलं नव्हतं." ते गाळणी उगाचच उजेडात धरून बघत राहिले. "आणि बोललो असतो, तर यंत्र इथून हलवलं असतं."

या वयात कान गरम होतात, हे बाईंना ठाऊक नव्हतं. "उद्याच कळवा त्यांना," त्या म्हणाल्या. म्हणायलाच हवं होतं.

त्यांनी अहवालात बाईंचं नाव घातलं नाही. 'एक घरगुती स्रोत' एवढंच लिहिलं. घरगुती स्रोतांची गय केली जाणार नाही, असं मंत्र्यांनी सभेत जाहीर केलं. कारखाना बुधवारीही सुरू झाला. यंत्राची बदली मोठ्या बागेत झाली. तिथली हवा आधीपासूनच चांगली होती.

यंत्र काढायला यंत्रवालेच आले. स्क्रू सुटता सुटेनात; एक तर त्यांनी सोडवून पुन्हा घट्ट केलेला बाईंनी स्वतः पाहिला.

"बुधवार आता मोकळाच जाणार माझा," ते भिंतीला म्हणाले.

बाईंच्या मनात होतं 'मग या की'. पण जन्मभराची खोड. समोरच्यानं काही सांगितलं की त्याला कारण विचारायचं.

"यंत्रच नाही म्हटल्यावर यायचं कशासाठी?"

बाईंना उत्तर हवं होतं. यंत्रवाल्यांना तो निकाल वाटला.

"तेही खरंच," ते म्हणाले आणि खोकं उचलून जिना उतरले.

त्यानंतरच्या बुधवारी बाईंनी नेहमीच्या वेळेला कढई चढवली. दोघांपुरतं तळून झालं. ताटली झाकून ठेवली. जिन्यात पावलं वाजली, ती तळमजल्यावरच थांबली. बाई गॅलरीत आल्या आणि भिंतीतल्या स्क्रूच्या भोकांशेजारी उभ्या राहून त्यांनी ओलं बोट वर धरलं. वारा बागेच्या दिशेनं वाहत होता.

त्या आत गेल्या, खिडकी सताड उघडली आणि आणखी एक घाणा सोडला.